बंदुकीचा आवाज कोंडणारे हायरम पर्सी मॅक्सिम

नवी दिल्ली, २ सप्टेंबर (विशेष वृत्तलेख) – आधुनिक युद्धाला सर्वांत कर्कश आवाज देणारे आणि बंदुकीचा तोच आवाज कोंडून धरणारे, असे दोन संशोधक एकाच घराण्यात जन्मले. वडील सर हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम यांनी स्वयंचलित मशीनगन तयार केली. त्यांचे एकुलते पुत्र हायरम पर्सी मॅक्सिम यांनी बंदुकीच्या तोंडाशी बसविता येणारा, बाजारात यशस्वी ठरलेला पहिला ध्वनिशामक जगापुढे आणला. चित्रपटांतील मारेकऱ्यांच्या पिस्तुलावर दिसणारी काळी नळी ही त्याच साधनाची वंशज होय. मात्र पर्सी मॅक्सिम यांच्या मनात ते साधन मारेकऱ्यासाठी कधीच नव्हते. शेजाऱ्याची झोप आणि नेमबाजाचे कान यांचे रक्षण करणारी वस्तू म्हणून त्यांनी ते घडविले होते. हेतू आणि लौकिक यांत पडलेली ही दरी त्यांच्या हयातीतच रुंदावली. आज, २ सप्टेंबर रोजी, त्यांची जयंती आहे.

पर्सी मॅक्सिम यांचा जन्म १८६९ मध्ये न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे झाला. घरात प्रयोगांचे वेड आणि स्फोटांची सवय दोन्ही होती. काका हडसन मॅक्सिम हे स्फोटकांचे संशोधक. १८९४ मध्ये प्रयोग करीत असताना झालेल्या स्फोटात त्यांनी डावा हात गमावला. वडील विजेच्या दिव्यांपासून उंदराच्या सापळ्यापर्यंत कशातही हात घालीत. १८८१ मध्ये ते कामानिमित्त युरोपला गेले आणि तिकडचेच होऊन राहिले. लंडनमध्ये त्यांनी मशीनगन सिद्ध केली, ब्रिटिश नागरिकत्व स्वीकारले, दुसरा संसार थाटला आणि १९०१ मध्ये ते ‘सर’ झाले. अमेरिकेत मागे राहिली ती पत्नी जेन, दोन मुली आणि बारा वर्षांचा पर्सी. त्या वयात तुटलेले पितृछत्र त्याला पुन्हा लाभले नाही. वडिलांचे नाव मात्र जन्मभर सोबत राहिले आणि ते नाव दिवसेंदिवस मोठे होत गेले.

त्या नावाचा भारताशीही एक कटू संबंध आहे. १९०३-०४ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानातून कर्नल फ्रान्सिस यंगहजबंड यांच्या नेतृत्वाखाली तिबेटवर जी मोहीम गेली, तिच्या सोबत मॅक्सिम तोफा होत्या. ३१ मार्च १९०४ रोजी गुरू या ठिकाणी जुनाट बंदुका व तलवारी घेऊन उभ्या असलेल्या तिबेटी सैनिकांवर त्या चालविल्या गेल्या आणि काही मिनिटांत शेकडो माणसे मारली गेली. आफ्रिकेतील ओमदुर्मान येथे १८९८ मध्ये हेच घडले होते. पहिल्या महायुद्धात तर दोन्ही बाजूंच्या खंदकांत मॅक्सिम यांच्याच रचनेवर आधारलेल्या मशीनगन होत्या. सर हायरम यांनाही या शोधाची किंमत मोजावी लागली. वर्षानुवर्षे बंदुकीच्या सान्निध्यात राहून उतारवयात त्यांना जवळजवळ ऐकू येईनासे झाले. नोव्हेंबर १९१६ मध्ये, सोमची भीषण लढाई थांबल्यावर अवघ्या काही दिवसांनी, त्यांचे लंडनमध्ये निधन झाले.

काडतुसाच्या पुंगळीतून मोटारीकडे

मुलाची वाट वेगळी होती. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधून पर्सी मॅक्सिम यांनी १८८६ मध्ये यंत्र अभियांत्रिकीचे शिक्षण पूर्ण केले, तेव्हा त्यांना सतरावे वर्ष पुरे व्हायचे होते. पुढे मॅसॅच्युसेट्समधील लिन येथे तोफगोळे बनविणाऱ्या एका कारखान्यात ते अधीक्षक झाले. दिवसा तोफगोळ्यांचे काम आणि रात्री स्वतःचे प्रयोग, असा त्यांचा क्रम होता. पेट्रोलच्या अंगी किती जोर आहे हे पाहण्यासाठी त्यांनी एका रिकाम्या तोफगोळ्याच्या पुंगळीत त्याचे काही थेंब टाकले आणि पेटती काडी आत सोडली. उसळलेल्या ज्वाळेने त्यांची खात्री पटली. जी वस्तू मारण्यासाठी घडली होती, तिच्यात त्यांना प्रवासाचे साधन दिसले. स्वतः तयार केलेले इंजिन त्यांनी एका जुन्या तीनचाकी सायकलवर बसविले. पहिलीच फेरी उतारावरून घसरून अपघातात संपली. तरीही ते थांबले नाहीत.

१८९५ मध्ये कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड येथील सायकल उद्योजक कर्नल अल्बर्ट पोप यांच्या कंपनीने त्यांना आपल्या मोटार विभागात घेतले. तेथे त्यांनी कोलंबिया नावाच्या विजेवरच्या व पेट्रोलवरच्या गाड्यांवर काम केले. १८९९ मध्ये कनेक्टिकटमधील ब्रॅनफर्ड येथे बंदिस्त मार्गावर झालेली मोटारशर्यत त्यांनी जिंकली. अमेरिकेतील अशा शर्यतींत ती पहिली मानली जाते. त्याच्या आदल्या वर्षी मेरिलँडचे माजी गव्हर्नर विल्यम हॅमिल्टन यांची कन्या जोसेफिन यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता. हार्टफर्ड हेच त्यांचे कायमचे घर झाले.

मोटारीने त्यांना एक प्रश्न दिला. इंजिनमध्ये इंधन पेटते, वायू प्रचंड दाबाने बाहेर पडतो आणि हवेवर आदळून आवाज करतो. बंदुकीतही नेमके हेच होते. गोळी नळीबाहेर पडते, तिच्या मागोमाग दारूचा तप्त वायू सुटतो आणि एकाच क्षणी मोकळ्या हवेत फुटतो. बंदुकीचा मुख्य धमाका हा या वायूचा असतो. गोळीला अडविता येत नाही. पण वायूला रेंगाळायला लावता येईल का, याचा विचार ते करू लागले.

न्हाणीघरातील भोवरा

उत्तर त्यांना न्हाणीघरात मिळाले, असे ते पुढे सांगत. स्नानाच्या टबातील पाणी मोरीच्या तोंडाशी गरगर फिरत सावकाश खाली जात होते आणि त्यामुळे निचऱ्याला वेळ लागत होता. वायूलाही असेच फिरविले तर तो हळूहळू बाहेर पडेल आणि फुटणार नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. पाण्याचा तो भोवरा त्यांनी धातूत उतरविला. नळीच्या तोंडाशी बसणाऱ्या डबीत एकामागोमाग वळणदार पडद्या ठेवल्या. गोळी मधल्या सरळ वाटेने निघून जाई आणि वायू मात्र पडद्यांत अडकून घुमत राही. ३० मार्च १९०९ रोजी त्यांना या रचनेचे अमेरिकी पेटंट मिळाले. त्याचा क्रमांक ९१६८८५ होता. त्याआधीच्या वर्षी झडपेवर चालणाऱ्या एका रचनेचे पेटंट त्यांनी घेतले होते. परंतु बाजारात टिकली ती हीच रचना.

हार्टफर्डमधील त्यांच्या कंपनीने लवकरच हे साधन टपालाने आणि दुकानांतून विकायला सुरुवात केली. किंमत काही डॉलर एवढीच होती आणि परवान्याची अट नव्हती. घरामागच्या अंगणात किंवा तळघरात नेम धरणाऱ्या हौशी माणसाला शेजाऱ्याचा रोष न ओढवता सराव करता येईल, नवख्याला आवाजाच्या धास्तीने दचकायला होणार नाही, अशी त्यामागची भूमिका होती. अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या एका विंचेस्टर रायफलीवरही मॅक्सिम यांचा ध्वनिशामक होता.

चांगला ध्वनिशामक कोणता?

या वस्तूचे गुणदोष पर्सी मॅक्सिम यांनी जाहिरातदाराच्या नव्हे, तर अभियंत्याच्या नजरेने पाहिले. चांगला ध्वनिशामक कोणता, या प्रश्नाच्या ज्या कसोट्या आज जाणकार लावतात, त्यांतील बहुतेक त्यांच्याच कारखान्यात आकाराला आल्या.

पहिली कसोटी नेम धरण्याची. पहिल्या नमुन्यांत डबी नळीभोवती सर्व बाजूंनी सारखी होती. त्यामुळे तिची वरची कड नेम धरण्याच्या माशीच्या आड येई. १९१० च्या नमुन्यात त्यांनी गोळीची वाट डबीच्या मध्यातून काढून वरच्या बाजूला सरकविली आणि डबीचा बहुतांश भाग नळीखाली गेला. दृष्टी मोकळी झाली. आज पिस्तुलावर ध्वनिशामक बसविणारेही उंच माशी लावतात ती याच अडचणीमुळे.

दुसरी कसोटी गोळीच्या वेगाची. ध्वनिशामक वायूचा धमाका कमी करतो. परंतु गोळी ध्वनीपेक्षा वेगाने जात असेल तर ती हवेत स्वतःचा तडाखा उमटवीत जाते आणि त्यावर नळीच्या टोकाची कोणतीही डबी उपाय करू शकत नाही. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो. ०.४५ इंची पिस्तुलाची जड गोळी साधारण २५० मीटर वेगाने जाते, म्हणून ती मुळातच या मर्यादेत राहते. ९ मिलिमीटरची हलकी गोळी मात्र बहुधा ती ओलांडते. म्हणूनच साधनाइतकेच महत्त्व काडतुसाच्या निवडीला असते.

तिसरी कसोटी खुद्द हत्याराची, आणि हातात धरायच्या लहान शस्त्रांबाबत हीच सर्वांत अवघड ठरली. रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसांचे फिरते चक्र आणि नळी यांच्यात बारीक फट असते. वायू त्या फटीतूनच निसटतो. त्यामुळे तोंडाशी कितीही उत्तम ध्वनिशामक लावला तरी बहुतेक रिव्हॉल्व्हर गरजतातच. गोळी सुटताना ही फट बंद करणारी रशियाची नागां रिव्हॉल्व्हर हा ठळक अपवाद होय. स्वयंचलित पिस्तुलाची अडचण निराळी आहे. जॉन ब्राउनिंग यांच्या प्रचलित रचनेत गोळी सुटताना नळी किंचित मागे येऊन खाली झुकते आणि त्या हालचालीवरच पुढचे काडतूस चढते. टोकाला वजन टांगले की ही हालचाल अडखळते आणि पिस्तूल अडते. पुढच्या काळात नळी आणि ध्वनिशामक यांच्यामध्ये स्प्रिंगचा दट्ट्या बसवून हे वजन क्षणभर नळीपासून सुटे करण्याची युक्ती निघाली. असा दट्ट्या आहे की नाही, हे पिस्तुलासाठीच्या साधनाचा दर्जा ठरविताना आजही आधी पाहिले जाते. त्यानंतर वजन, लांबी, जोडाची सरळता आणि पोलाद, ॲल्युमिनियम वा टायटॅनियम यांपैकी धातू कोणता, हे पाहिले जाते. जोड तिळभर वाकडा असला तरी गोळी आतल्या पडद्यांवर आदळते आणि साधनच फुटते.

चौथी कसोटी प्रामाणिकपणाची म्हणता येईल. सायलेन्सर, म्हणजे मूक करणारा, हे नाव विक्रीला सोयीचे असले तरी वस्तुस्थितीला धरून नव्हते. ९ मिलिमीटरच्या पिस्तुलाचा आवाज सुमारे १६० डेसिबल असतो. चांगला ध्वनिशामक त्यातून साधारण ३० डेसिबल कमी करतो. उरलेला आवाज चित्रपटातील कुजबुजीसारखा मुळीच नसतो. तरीही कानाला तत्काळ इजा होण्याची जी १४० डेसिबलची मर्यादा मानली जाते, तिच्या खाली तो येतो, आणि या साधनाचा खरा उपयोग तेवढाच आहे. वडिलांचे कान ज्या आवाजाने गेले, त्या आवाजातून निदान दुसऱ्यांचे कान वाचविणारी ही वस्तू होती.

नावाला लागलेला डाग

समाजाने मात्र तिच्याकडे वेगळ्या नजरेने पाहिले. आवाज न करणारी बंदूक म्हणजे पकडला न जाणारा खुनी, ही भीती वृत्तपत्रांनी पहिल्या प्रात्यक्षिकांपासूनच बोलून दाखविली. चोरटे शिकारी तिचा गैरवापर करतील म्हणून काही राज्यांनी आधीच बंधने घातली. मॅक्सिम यांच्या कंपनीने बंदुकीच्या ध्वनिशामकांचे उत्पादन कालांतराने थांबविले आणि इंजिने, कारखाने व इमारती यांच्या गोंगाटावर उपाय शोधण्याकडे मोर्चा वळविला.

२६ जून १९३४ रोजी अमेरिकी संसदेच्या राष्ट्रीय बंदूक कायद्यावर शिक्कामोर्तब झाले. टोळीयुद्धांनी हादरलेल्या देशात मशीनगन आणि आखूड केलेल्या बंदुकांना आवर घालणे हा त्याचा हेतू होता. मूळ मसुद्यात पिस्तूल व रिव्हॉल्व्हर यांचाही समावेश होता. पण विरोधामुळे ती वगळली गेली. त्यांच्या तोंडाशी बसणारा ध्वनिशामक मात्र यादीत राहिला. प्रत्येक हस्तांतरणावर २०० डॉलर कर आणि सक्तीची नोंदणी आली. काही डॉलरच्या वस्तूवर २०० डॉलरचा कर म्हणजे व्यवहारतः बंदीच होती. मशीनगन घडविणाऱ्याचा मुलगा आणि आवाज शमविणारे त्याचे साधन, दोन्ही कुळे एकाच कायद्याच्या एकाच व्याख्येत येऊन बसली.

पुढे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी व ब्रिटिश गुप्तहेर संघटनांनी अंगचाच ध्वनिशामक असलेली पिस्तुले वापरली आणि या साधनाची गूढ प्रतिमा पक्की झाली. १९६० मध्ये सोव्हिएत संघाने पाडलेल्या यू-२ विमानाचा वैमानिक गॅरी पॉवर्स याच्याकडेही असेच पिस्तूल सापडले. दुसरीकडे फिनलंडसारख्या देशांत शिकारी आपले कान व शेजाऱ्यांची शांतता जपण्यासाठी ध्वनिशामक सर्रास वापरतात. अमेरिकेत २०० डॉलरचा कर नव्वद वर्षांहून अधिक काळ तसाच राहिला. १ जानेवारी २०२६ पासून ध्वनिशामकांपुरता तो शून्यावर आला असला, तरी नोंदणीची अट कायम आहे. भारतात शस्त्र नियमांनी बंदुकीचा आवाज वा ज्वाळा कमी करणारी उपकरणे निषिद्ध शस्त्रांच्या वर्गात टाकली आहेत. सामान्य परवानाधारकाला ती बाळगता येत नाहीत. सायलेन्सर म्हटले की आपल्याकडे मोटारसायकलची धुराची नळीच डोळ्यांपुढे येते, आणि इंजिनांचा गोंगाट हेही मॅक्सिम यांचे कार्यक्षेत्र होतेच.

आवाज पोहोचविण्याचे दुसरे आयुष्य

पर्सी मॅक्सिम यांच्या आयुष्याचा दुसरा अर्धा भाग आवाज दाबण्यात नव्हे, तर तो दूरवर पोहोचविण्यात गेला. मुलाच्या नादाने ते बिनतारी संदेशवहनाकडे ओढले गेले. १९१४ च्या वसंतात हार्टफर्डहून स्प्रिंगफिल्डला संदेश पाठविण्याचा त्यांचा प्रयत्न फसला. अंतर थोडेच होते, पण लहरी पोहोचेनात. तेव्हा वाटेत विंडसर लॉक्स येथे असलेल्या एका हौशी मित्राने तो संदेश झेलून पुढे पाठविला. या साध्या प्रसंगातून त्यांना साखळीची कल्पना सुचली. गावोगावच्या हौशी केंद्रांनी एकमेकांचे निरोप पुढे नेले तर सारा देश जोडला जाईल, असा विचार करून क्लॅरेन्स टस्का या तरुण सहकाऱ्यासह त्यांनी त्याच वर्षी अमेरिकन रेडिओ रिले लीग स्थापन केली. डिसेंबर १९१५ पासून ‘क्यूएसटी’ हे मासिक निघू लागले. त्यात एका तिरकस म्हाताऱ्याच्या टोपणनावाने ते बेशिस्त हौशींची खिल्ली उडवीत. तो म्हातारा म्हणजे खुद्द अध्यक्षच, हे वाचकांना त्यांच्या निधनानंतर कळले.

१९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरताच सरकारने हौशी केंद्रे बंद केली. युद्ध संपल्यावरही ती सुरू होण्याची चिन्हे नव्हती. नौदलाला हवेतील सर्व लहरी आपल्या ताब्यात हव्या होत्या. मॅक्सिम यांनी संसदेत आणि लोकांत बाजू मांडली, विखुरलेले सभासद पुन्हा गोळा केले आणि १९१९ मध्ये बंदी उठली. कायद्याने हौशींच्या वाट्याला २०० मीटर व त्याखालच्या, म्हणजे त्या काळी निरुपयोगी मानलेल्या, लहरी आल्या होत्या. त्याच लघुलहरींवर डिसेंबर १९२१ मध्ये अमेरिकी हौशींचे संकेत स्कॉटलंडमध्ये ऐकू गेले आणि नोव्हेंबर १९२३ मध्ये अटलांटिकपार दुतर्फा संभाषण झाले. १९२५ मध्ये पॅरिस येथे आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघ स्थापन झाला आणि मॅक्सिम त्याचे पहिले अध्यक्ष झाले. संघाच्या स्थापनेचा १८ एप्रिल हा दिवस आज जगभर हौशी रेडिओ दिन म्हणून पाळला जातो. चक्रीवादळ वा भूकंपात दूरध्वनी बंद पडल्यावर संपर्क जोडून देणारे भारतातील हॅम रेडिओचालकही याच परंपरेतील आहेत.

१९२६ मध्ये त्यांनी हौशी चित्रपटकारांचीही संघटना उभारली. वाढत्या वयाबरोबर त्यांची दृष्टी आकाशाकडे गेली. विश्वातील जीवसृष्टीच्या शक्यतेवर त्यांनी १९३३ मध्ये पुस्तक लिहिले. अखेरीस ते वडिलांकडे वळले. १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अ जीनियस इन द फॅमिली’ या पुस्तकात त्यांनी लहान मुलाच्या डोळ्यांनी पाहिलेला बाप रंगविला. सोडून गेलेल्या पित्यावर त्यांनी त्यात आरोप केले नाहीत. विक्षिप्त, दांडगा, हसविणारा आणि घाबरविणारा माणूस त्यांनी आठवणींतून उभा केला. पुढे १९४६ मध्ये त्यावर चित्रपटही निघाला.

तो पाहायला ते राहिले नाहीत. फेब्रुवारी १९३६ मध्ये कॅलिफोर्नियाकडे रेल्वेने निघाले असता वाटेत ते आजारी पडले आणि १७ फेब्रुवारी रोजी कोलोराडो राज्यातील ला हुंटा येथे, वयाच्या ६६ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. मेरिलँडमधील हॅगर्सटाउन येथे त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले.

२ सप्टेंबर १९३८ रोजी, त्यांच्या जन्मदिनी, कनेक्टिकटमधील न्यूइंग्टन येथे त्यांच्या स्मरणार्थ उभारलेल्या रेडिओ केंद्राचे लोकार्पण झाले. त्यांचीच ‘डब्ल्यू वन ए डब्ल्यू’ ही संकेताक्षरे त्या केंद्राला देण्यात आली. जगभरातील हौशी आजही ती अक्षरे कान देऊन ऐकतात. त्यांच्या ध्वनिशामकाने गुन्हेगारीला हात दिला की माणसांचे कान वाचविले, हा वाद अमेरिकेत मिटलेला नाही. न्यूइंग्टनच्या केंद्रातून जाणारा त्यांचा संकेत मात्र वादातीत आहे.